बाबांबरोबर स्पार्कीच्या गावात

शुक्रवार : बोटीने लार्कस्पर, तिथून रेल्वेने सँटा रोझा

सॅन फ्रान्सिस्कोला आलेली आपली मंडळी गोल्डन गेट बघतात, योसेमिटीला जातात, फार तर नापाचे द्राक्षमळे बघून येतात. उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर असलेलं सँटा रोझा सहसा कुणाच्या यादीत नसतं. माझ्या बाबांच्या यादीत मात्र ते पहिलं होतं. बाबा साताऱ्याकडच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना रेघ कशी असावी हे दाखवायला ते इंग्रजी पेपरातल्या ‘पीनट्स’च्या कॉमिक स्ट्रिप कापून एका वहीत चिकटवायचे. ती वही मी लहानपणी चित्रांसाठी चाळली आणि मोठेपणी वाक्यांसाठी. त्यामुळे बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा कुठे जायचं यावर फार बोलणं झालंच नाही.

‘पीनट्स’ म्हणजे चार्ली ब्राऊन, स्नूपी, लूसी, लायनस यांची दुनिया. ती काढणारा चार्ल्स शुल्झ. २ ऑक्टोबर १९५० रोजी सात अमेरिकन वर्तमानपत्रांत ही स्ट्रिप सुरू झाली आणि शेवटची १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. मधल्या काळात १७,८९७ स्ट्रिप निघाल्या, आणि त्या सगळ्या एकट्या माणसाने काढल्या. कल्पना त्याची, पेन्सिल त्याची, शाई त्याची, बोलण्याच्या फुग्यातली अक्षरंही त्याचीच. कुणी मदतनीस नाही. भर काळात दोन हजार सहाशे वर्तमानपत्रांत तो रोज छापून येत होता. एवढं जगभर पोचलेल्या या माणसाला स्वतः प्रवास नकोसा वाटायचा. परगावी जायचं म्हटलं की त्याला आधीपासून धास्ती बसायची. १९५८ पासून शेवटपर्यंत तो याच सोनोमा परगण्यात राहिला. म्हणून त्याला समजून घ्यायचं तर इथेच यायला हवं, असं बाबांचं म्हणणं.

फेरी बिल्डिंगमधून सकाळची बोट घेतली. अल्कट्राझचं बेट धुक्यात अर्धंच दिसलं. लार्कस्पर जवळ येताना उजव्या हाताला सॅन क्वेंटिनचा तुरुंग अगदी पाण्याच्या काठावर दिसतो. बोटीतून उतरून दहा-एक मिनिटं चाललं की ‘स्मार्ट’ नावाच्या रेल्वेचं स्टेशन. पुढचा तासाभराचा प्रवास फार छान आहे. आधी खाजणं, बगळे, मग पेटालुमाच्या आसपास गाईगुरं आणि वाळलेल्या गवताच्या पिवळ्याधमक टेकड्या, मधूनच एखादा ओक. बाबा खिडकीला नाक लावून म्हणाले, “अगं, हे तर एप्रिलमधलं माण-खटाव आहे.”

जाणाऱ्यांसाठी : बोट आणि रेल्वे दोन्हीकडे क्लिपर हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड चालतं, ज्येष्ठांना सवलत आहे. फक्त बोटीची आणि रेल्वेची वेळ जुळते का ते आधी बघून घ्या, विशेषतः शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात तेव्हा.

सँटा रोझाचं जुनं स्टेशन दगडी आहे आणि त्याच्या शेजारच्या छोट्या बागेत चार्ली ब्राऊन आणि स्नूपी ब्राँझमध्ये उभे आहेत. गावात ठिकठिकाणी रंगवलेले स्नूपी, लूसी, वूडस्टॉक पक्षी भेटतात, कुणाच्या दुकानाच्या दारात, कुणाच्या दवाखान्यासमोर. गावच्या विमानतळालाही शुल्झचंच नाव आहे आणि त्याच्या चिन्हात गॉगल घातलेला वैमानिक स्नूपी आहे. पण आम्हाला जास्त गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इथली जुनी माणसं त्याला ना चार्ल्स म्हणतात ना शुल्झ. ती ‘स्पार्की’ म्हणतात. हे नाव जन्मल्याबरोबर एका काकाने ठेवलेलं, तेव्हाच्या एका स्ट्रिपमधल्या स्पार्क प्लग नावाच्या घोड्यावरून. म्हणजे बारशाच्या आधीच हा माणूस स्ट्रिपमध्ये जाऊन बसला होता.

संध्याकाळी वारा सुटला आणि ऑगस्ट असूनही स्वेटर घालावे लागले. जेवण एका मेक्सिकन टाकेरियात केलं. गरम मक्याच्या पोळ्या, भाजलेली मिरची, कांदा-कोथिंबीर, वर लिंबू. बाबा आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले. शाकाहारी असाल तर एवढं नक्की विचारा, की घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी घातली आहे का. अख्खा शिजवलेला काळा घेवडा बहुतेक ठिकाणी बिनचरबीचा मिळतो, पण विचारलेलं बरं. काउंटरवरच्या मुलीला आम्ही विचारलं, तर ती आत जाऊन स्वयंपाकघरात खात्री करून आली.

शनिवार : म्युझियम, बर्फ आणि एक राखीव टेबल

सकाळी दाट धुकं होतं. ते दहा-साडेदहाला विरतं आणि दुपारी चांगलं तापतं, तेव्हा कपडे थरावर थर घाला. सँटा रोझा नॉर्थ स्टेशनला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की हार्डीज लेनवर शुल्झ म्युझियम लागतं. ते १७ ऑगस्ट २००२ रोजी उघडलं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अडीच वर्षांनी.

दारातून आत गेल्यावर समोर दोन मजली भिंतीएवढं चित्र आहे. लूसीने फुटबॉल धरलाय आणि चार्ली ब्राऊन तो मारायला धावत येतोय (दर वेळी ती तो ऐन वेळी काढून घेते). दुरून बघितलं तर एवढंच. जवळ गेलात की कळतं, ते चित्र ३,५८८ फरशांचं आहे आणि प्रत्येक फरशीवर एक स्ट्रिप छापलेली आहे. जपानी कलाकार योशितेरू ओतानी यांचं हे काम. बाबा चष्मा कपाळावर चढवून फरशी-फरशी वाचायला लागले. मी दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत.

पण खरा वेळ गेला तो मूळ चित्रांपाशी. पेपरात स्ट्रिप छापून येते त्यापेक्षा मूळ कागद कितीतरी मोठा असतो. शाईखालची पेन्सिल काही ठिकाणी अजून दिसते. एखाद्या अक्षरावर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारून दुरुस्ती केलेली दिसते. शुल्झ एस्टरब्रुक कंपनीची ९१४ नंबरची निब वापरायचा. ही कंपनी ती निब बंद करतेय असं कळल्यावर त्याने शिल्लक असलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला आणि आयुष्यभर पुरवला. हे वाचून बाबा एवढे खूश झाले, की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना त्यांनी मोडक्या इंग्रजीत टाक आणि निब म्हणजे काय, शाई कशी सोडते, दाब दिला की दोन टोकं कशी फाकतात, हे सगळं हातवारे करून समजावलं. त्या बाई म्हणजे म्युझियमच्या स्वयंसेविका निघाल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आम्हाला हाताला धरून नेल्यासारखं पुढच्या दालनात नेलं.

तिथे १९५० च्या आणि १९९० च्या दशकातली चित्रं शेजारी-शेजारी लावलेली होती. बाबा दोन पावलं मागे झाले, परत पुढे झाले आणि हळूच म्हणाले, “हात थरथरतोय गं.”

मला आधी दिसलं नाही. मग त्यांनी काचेपासून बोटभर अंतरावरून दाखवलं. जुन्या चित्रात चार्ली ब्राऊनच्या डोक्याची गोलाई एका दमात आलेली, रेघ कुठे जाड कुठे बारीक पण सलग. नव्या चित्रात त्याच गोलाईला बारीक बारीक लाटा. गवताच्या रेघा, पावसाच्या रेघा, सगळ्यांत तो कंप. १९८१ साली शुल्झची हृदयाची बायपास झाली आणि त्यानंतर हाताला कंप आला, तो कायमचाच. पुढची अठरा-एकोणीस वर्षं तो तसाच काढत राहिला. कधी एका हाताने दुसरा हात धरून. दुसऱ्याकडून शाई भरून घेणं त्याला सहज परवडलं असतं, तेवढा पैसा होता. घेतली नाही. बाबांचं मत असं, की शेवटच्या वर्षांतली रेघ पहिलीपेक्षा सरस आहे, कारण तिथे प्रत्येक रेघेत माणूस दिसतो. मला वाटतं, बाबांचं बरोबर आहे.

वरच्या मजल्यावर त्याची अभ्यासिका जशीच्या तशी मांडली आहे. पुस्तकांची कपाटं, खुर्ची आणि तो चित्रफळा. जिथे कागद ठेवायचा तिथली फळ्याची लाकडी बाजू झिजून गेली आहे. सुचलेलं काहीबाही तो पिवळ्या रेघी कागदावर खरडायचा आणि चुरगाळून टोपलीत टाकायचा. त्यातले काही कागद त्याच्या सेक्रेटरीने टोपलीतून काढून, इस्त्री करून जपून ठेवले.

आणखी एक वस्तू चुकवू नका. ती म्हणजे एक अख्खी भिंत. १९५१ मध्ये जॉईसशी लग्न झाल्यावर शुल्झ काही काळ कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहिला. जॉईसची छोटी मुलगी त्याने दत्तक घेतली होती. तिच्या खोलीची भिंत त्याने रंगवली, त्यात अजून चार पायांवर चालणारा स्नूपी आहे. घर विकलं गेलं, पुढच्या मालकांनी त्यावर रंगाचे हात मारले. कित्येक वर्षांनी तिथल्या एका मालकिणीने ते थर चिकाटीने खरवडून चित्र बाहेर काढलं आणि भिंतच्या भिंत म्युझियमला देऊन टाकली. तिच्यासमोर एक तरुण बाप तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन उभा होता आणि तिला एकेक चित्राचं नाव सांगत होता.

जाणाऱ्यांसाठी : म्युझियम शनिवार-रविवारी दहाला उघडतं, इतर दिवशी अकराला. उन्हाळा सोडून मंगळवारी बंद असतं. तिकीट दिवसभर चालतं का ते विचारून घ्या. आम्ही मधे जेवायला बाहेर जाऊन परत आलो आणि दुसऱ्या फेरीतच जास्त बघून झालं. मुलं बरोबर असतील तर मागच्या अंगणात स्नूपीच्या डोक्याच्या आकाराचा चक्रव्यूह आहे, तिथे त्यांचा अर्धा तास मजेत जातो.

जेवायला रस्ता ओलांडून समोर गेलो. समोर शुल्झची आइस रिंक, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायची जागा आहे, रेडवूड एम्पायर आइस अरेना. आता सगळे ‘स्नूपीज होम आइस’ म्हणतात. गावातली जुनी रिंक बंद पडली, तेव्हा शुल्झ आणि जॉईस यांनी ही बांधायला घेतली. इमारतीची रचना जॉईसने मन लावून केली, बाहेरून स्वित्झर्लंडमधल्या घरासारखी. २८ एप्रिल १९६९ रोजी ती उघडली. रिंकमधून नफा कधी झाला नाही, दर वर्षी शुल्झ खिशातून घालत राहिला.

शुल्झ मिनेसोटातला, सेंट पॉलच्या कडाक्याच्या थंडीत वाढलेला. त्याला बर्फ लागायचंच. आत पाऊल टाकताच तीस अंशांतून फ्रीजमध्ये शिरल्यासारखं झालं. बर्फावर शाळकरी मुली गिरक्या घेत होत्या आणि कडेने सत्तरीतले दोन आजोबा हॉकीच्या काठ्या घेऊन निघाले होते. १९७५ पासून इथे ज्येष्ठांची हॉकी स्पर्धा भरते. शुल्झ स्वतः त्यात खेळायचा.

रिंकच्या कडेला ‘वॉर्म पपी’ नावाचं कॅफे आहे, भल्यामोठ्या काचांमधून बर्फ दिसतं. दाराजवळच्या काचेशी एक टेबल आहे. त्यावर ‘राखीव’ अशी पाटी आणि फुलं. शुल्झ रोज सकाळी इथे येऊन बसायचा. इंग्लिश मफिन, म्हणजे गोल भाजका पाव, त्यावर द्राक्षाची जेली आणि कॉफी. मग शेजारीच वन स्नूपी प्लेस या पत्त्यावरच्या स्टुडिओत काम. दुपारी परत याच टेबलावर जेवण. परत स्टुडिओ. म्हणजे जगातल्या पंचाहत्तर देशांत वाचलं जाणारं काम करणाऱ्या माणसाचा दिवस या दोन इमारतींच्या मधल्या काही पावलांत संपायचा. मी आणि बाबांनी ते अंतर चालून बघितलं. कॅफेच्या दारातून निघून पाणी प्यायला थांबेपर्यंत आम्ही पोचलोसुद्धा. स्टुडिओत अजून कचेरी चालते, आत जाता येत नाही.

आम्ही मफिन-जेलीच मागवली आणि बाबांनी गरम चॉकलेट. शेजारच्या टेबलावरचे ते हॉकीवाले एक आजोबा आमच्याशी बोलायला आले. ते म्हणाले, स्पार्की त्या टेबलावर बसायचा तेव्हा लहान मुलं सरळ जाऊन त्याच्याशी बोलायची, त्याला कुणी अडवत नसे. तो हसरा होता का, असं मी विचारलं. आजोबांनी जरा विचार केला. “गप्पिष्ट होता. हसरा... नेहमीच नाही.”

त्या उत्तरावर मी दुपारभर विचार करत होते. कारण शुल्झचं खासगी आयुष्य म्हणून जे काही आहे, ते त्याने लपवलंच नाही. रोज सकाळी चार चौकटींत छापून आणलं. १९४३ मध्ये, वीस वर्षांचा असताना, त्याला सैन्यात बोलावणं आलं. आई कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. रविवारी सुट्टीवरून परत जाताना आईने त्याला सांगितलं, की आता निरोप घेऊ या, पुन्हा भेट व्हायची नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली आणि हा थोड्याच दिवसांत रेल्वेने छावणीत. पुढे युरोपात मशीनगन तुकडीचा प्रमुख होऊन तो युद्ध लढून आला. ‘पीनट्स’मध्ये पन्नास वर्षांत मोठी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. कुणाची आई चौकटीत येत नाही. पण कुत्र्याचं नाव आईनेच सुचवलेलं. आपण पुन्हा कुत्रा पाळला तर त्याला स्नूपी म्हणायचं, असं ती एकदा बोलून गेली होती.

पोस्टाने चित्रकला शिकवणाऱ्या मिनिॲपोलिसच्या ज्या संस्थेत तो आधी शिकला, तिथेच युद्धानंतर तो शिकवायला लागला. तिथल्या हिशेबाच्या खात्यातल्या लाल केसांच्या मुलीला त्याने १९५० मध्ये लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली आणि त्याच वर्षी तिने दुसऱ्याशी लग्न केलं. त्याच वर्षी ‘पीनट्स’ सुरू झालं. १९६१ पासून चार्ली ब्राऊन एका लाल केसांच्या मुलीकडे दुरून बघत बसलेला आहे. ती मुलगी स्ट्रिपमध्ये समोर येत नाही. १९९८ मध्ये एकदा फक्त तिची काळी आकृती दिसली, तेवढीच.

जॉईसशी लग्न १९७२ मध्ये संपलं. २००७ साली आलेल्या एका जाड चरित्रात त्याआधीच्या एका प्रेमप्रकरणाचा तपशील आला. लांबच्या फोनचं बिल घरी सापडलं होतं आणि त्याच सुमाराच्या स्ट्रिपमध्ये चार्ली ब्राऊन स्नूपीला लांबचे फोन लावू नकोस म्हणून दटावतोय. चरित्रातला एकंदर उदास शुल्झ त्याच्या मुलांना मान्य झाला नाही. आपला बाप एवढा दुःखी नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. घरात मुलांबरोबर बर्फावर खेळणारा बापही खरा, आणि फळ्यासमोर एकटा बसल्यावर वीस वर्षांपूर्वीचा नकार काल झाल्यासारखा काढणाराही खरा. रिंकनेच त्याला पुढचं आयुष्यही दिलं. जीन नावाची एक बाई आपल्या मुलीला स्केटिंगच्या सरावाला पहाटे इथे घेऊन यायची. याच कॅफेत दोघांची ओळख झाली आणि १९७३ मध्ये लग्न.

संध्याकाळी परतताना टॅक्सी केली. चालकाने ऑक्टोबर २०१७ च्या वणव्याचं सांगितलं. एका रात्रीत गावातल्या हजारो घरांची राख झाली. शुल्झचं घरही गेलं. जीन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रात्री वेळेत बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. म्युझियम आणि रिंक मात्र आगीतून वाचले. चालकाने बोट करून दाखवलेल्या वस्तीत आता सगळी घरं नवी आहेत आणि झाडं एकसारखी लहान.

रविवार : सेबास्टोपोल

सेबास्टोपोल सँटा रोझाच्या पश्चिमेला, दहा-बारा किलोमीटरवर. १९५८ मध्ये मिनेसोटा सोडून शुल्झ कुटुंब इथे कॉफी लेनवर राहायला आलं. पाच मुलं, कुत्री, घोडे, मोठी जागा. ती आता खासगी मालमत्ता आहे, तेव्हा रस्त्यावरून एक नजर टाकून पुढे निघायचं, दारात थांबून फोटो काढायचे नाहीत. गावातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये तो रविवारी मोठ्यांचा वर्ग घ्यायचा. पुढे देवाधर्मापासून बराच दूर गेला.

१९६६ हे वर्ष त्याला वाईट गेलं. इथला स्टुडिओ जळाला, आणि त्याच वर्षी वडील कार्ल मुलाकडे राहायला आले असताना इथेच वारले. कार्ल न्हावी होते. सेंट पॉलला त्यांचं छोटं दुकान होतं. शनिवारी रात्री बाप-लेक मिळून दुसऱ्या दिवशीचे रविवारचे पेपर आणायचे आणि सगळ्या स्ट्रिप वाचून काढायचे. मुलाच्या चित्रकलेच्या पोस्टल कोर्सची फी कार्लनी हप्त्याहप्त्याने भरली. चार्ली ब्राऊनचा बापही न्हावी आहे. पोरगा त्याच्याविषयी बोलतो तेव्हा नेहमी अभिमानाने बोलतो. हे मी टॅक्सीत बाबांना वाचून दाखवत होते, तर बाबा म्हणाले, “एक मिनिट थांब, परत वाच.” परत वाचलं.

शुल्झला प्लेझंट हिल्स स्मशानभूमीत पुरलं आहे. टेकडीवर, झाडांच्या सावलीत. अगदी साधा दगड, नाव, वर्षं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी नोकरीची नोंद. बाबांनी म्हटलं, इथे पेन्सिल ठेवून जातात का लोक? आमच्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतं, आम्ही नुसते हात जोडले.

१९९९ च्या नोव्हेंबरात तो आजारी पडला आणि आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं. डिसेंबरात त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं. आपल्यानंतर ही स्ट्रिप दुसऱ्या कुणी काढायची नाही, हे ठरलेलं होतं. तेव्हाच्या एका मुलाखतीत बोलताना त्याला रडू आलं, की त्या बिचाऱ्या पोराला, म्हणजे चार्ली ब्राऊनला, तो फुटबॉल कधी मारताच आला नाही. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री तो झोपेत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या दारादारांत त्याचा निरोप असलेली शेवटची स्ट्रिप पडली. ती छापायला आधीच गेलेली होती.

सेबास्टोपोलला ऑगस्टमध्ये गेलात तर ग्रॅव्हनस्टाइन सफरचंदं सोडू नका. एकेकाळी हा सगळा भाग सफरचंदांचा होता, आता बऱ्याच बागा काढून द्राक्षं लावली आहेत. ही सफरचंदं लवकर येतात आणि लवकर संपतात. टिकत नाहीत, त्यामुळे लांब पाठवता येत नाहीत. जिथे पिकतात तिथेच खायची. रस्त्याकडेच्या टपरीवर एका आजींनी बाबांना चाकूने कापून एक फोड दिली. आंबट-गोड, रसाळ आणि वासाला फार सुरेख. बाबांनी पिशवी भरून घेतली. त्याच टपरीवर ताज्या सफरचंदांचा गरम ‘ॲपल पाय’ मिळतो, वरची पापडी खुसखुशीत आणि आत दालचिनी. साखर जरा बेताची घालतात, ते मला आवडलं.

जाणाऱ्यांसाठी : सेबास्टोपोलला बस आहे, पण रविवारी तिची वाट बघण्यात दिवस जातो. दोघं-तिघं असाल तर टॅक्सीच परवडते, आणि परतीची टॅक्सी स्मशानभूमीतून बोलावण्यापेक्षा गावात येऊन बोलवा. आणखी एक दिवस हाताशी असेल तर गर्नव्हिलजवळच्या आर्मस्ट्राँग रेडवूड्सच्या जंगलात जा. आम्हाला ते जमलं नाही.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर बसला होता, अंगात म्युझियमचा स्नूपीवाला शर्ट. त्याने बाबांच्या हातातली पुस्तिका बघून विचारलं, भारतात चार्ली ब्राऊन आहे का? बाबांनी खिशातला पेन काढला. पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर ताठ उभ्या केसांचा एक पोरगा काढला आणि सांगितलं, हा चिंटू. आमच्या पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये १९९१ साली आला.

मुलाने पान आपल्याकडे ओढून घेतलं, नीट बघितलं. “याच्यात मोठी माणसं दिसतात?”

“दिसतात की,” बाबा म्हणाले. “आई आहे, पप्पा आहेत. आई तर चांगली ओरडते त्याला.”

“मग तीही काढा,” मुलगा म्हणाला, आणि बाबा पेटालुमा येईपर्यंत चिंटूची आई काढत बसले.